जुनी आठशे सेल मारते पण सुरू होईना गेलीय, कुणी सांगा काय करू (१९९१ मॉडेल, औसा)

औसेकर_आठशे
राम राम मंडळी. आमच्या आप्पांची मारुती आठशे आहे, १९९१ ची, कार्बोरेटरवाली (पेट्रोल-हवा मिसळून इंजिनाला देतो तो), एमएच-२४ पासिंग. पेरणीच्या गडबडीत पंधरा-वीस दिवस गोठ्याच्या शेजारी पत्र्याखाली उभी होती, आता किल्ली मारली की सेल (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटार) घेती, चांगला घर्र घर्र आवाज येतो पण इंजिन काय पकडंना. गावातल्या मिस्तरीला दाखवली, त्यानं प्लग बदलले, मग कॉइल (ठिणगीचा जोराचा करंट बनवते ती) बदलली, तरी तसंच. आता म्हणायलाय कार्बोरेटर नवा टाकावा लागंल, आणि त्यानंही नाही झालं तर इंजिन उघडू. भावकीतले म्हणायलेत भंगारात घाल. पण ही गाडी विकायचा विषय काढला की आप्पा दोन दिवस बोलत नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटं किल्लारीला भूकंप झाला तवा ह्याच गाडीत मागचं सीट काढून त्यांनी माणसं लातूरला दवाखान्यात नेली होती, दिवसभर फेऱ्या केल्या. तर ते असो. मला स्वतःला गाडीतलं जरा जरा कळतं, पाने आहेत, मल्टीमीटर आहे (विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरसाठी घेतला होता), फक्त कुठून सुरू करायचं ते कळंना गेलंय.

बालाघाट_रायडर
कार्बोरेटरच आहे भाऊ. डोळे झाकून. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतंय, जुन्या गाड्यांचे रबरी पाइप, डायफ्राम सगळं फुगतं त्यानं. २० दिवस उभी म्हणल्यावर जेट (कार्बोरेटरची बारीक भोकं) जाम झाले असणार.

परभणीचा_पाना
@बालाघाट_रायडर लगेच डोळे कशाला झाकता, बघून तर सांगा 😄 वीस दिवसात जेट जाम होत नसतात, सहा महिने असते तर मानलं असतं.

औसेकर भाऊ, आधी आवाज नीट सांगा, अर्धं निदान तिथंच होतं. किल्ली मारल्यावर एकदाच "खट्ट" होऊन गप्प बसत असंल तर सोलेनॉइड (सेलवरचा चुंबकी स्विच) किंवा अर्थिंगची पट्टी. "खटखटखटखट" असं भरभर वाजत असंल तर बॅटरी उतरलीय नाहीतर टर्मिनलला बुरशी धरलीय. नुसतं "झुंईं" करून मोटार फिरती पण इंजिन फिरत नसंल तर बेंडिक्स, म्हणजे सेलचा दात इंजिनात अडकवणारा भाग. आणि घर्र घर्र एका लयीत येत असंल तर बॅटरी, केबल, सेल तिन्ही सोडून द्या, दुखणं पुढं आहे. अजून एक, घर्र घर्र नेहमीपेक्षा हलकं आणि जलद वाटत असंल, म्हणजे इंजिनला कसला भारच नाही असं, तर टायमिंग बेल्ट तुटला असंल. तुमचं कोणतं?

औसेकर_आठशे
एका लयीत. नेहमीसारखंच. ट्रॅक्टरची बॅटरी जोडूनही बघितलं, अजून जोरात फिरतं पण पकडत नाही.

सेलूचा_शेतकरी
एअर फिल्टरचा डबा उघडला का? आमच्या व्हॅनमध्ये उंदरानं भुईमुगाच्या शेंगांची टरफलं भरून ठेवली होती, निम्मा डबा. वरून दोन प्लगच्या वायरी कुरतडलेल्या. गोठ्याजवळ गाडी म्हणजे उंदीर असणारच, पेंड आणि सरकी असती ना.

नांदेडची_ताई
नमस्कार. माझ्या वडिलांचं वर्कशॉप होतं, मी स्वतः आता आयटीआयमध्ये शिकवते, म्हणून जरा लांबण लावते, सहन करा.

पेट्रोल इंजिनाला सुरू व्हायला तीन गोष्टी लागतात, पेट्रोल-हवा, दाब आणि वेळेवर ठिणगी. यातलं काय नाही ते आधी शोधायचं आणि मगच दुकानात जायचं. तुमच्या मिस्तरींनी उलटं केलं, आधी दुकान आणि मग शोध. त्यांना दोष देत नाही, गिऱ्हाइकच म्हणतं "लवकर करा", मग माणूस अंदाजानं पार्ट बदलत सुटतो.

तर आधी प्लग काढा, सेल मारल्या मारल्या लगेच. ओला आणि पेट्रोलचा वास येतोय तर पेट्रोल पोचतंय, तुमचा एसी पंप (म्हणजे पेट्रोलचा पंप) आणि कार्बोरेटर काम करतोय एवढं नक्की. कोरडा ठणठणीत तर पेट्रोल येत नाही, मग पंपाचा पाइप काढून बाटलीत धरायचा आणि सेल मारून पिचकारी येते का बघायची (या गाडीचा पंप मेकॅनिकल आहे, कॅमशाफ्टवर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर चालतो, त्यामुळे नुसती किल्ली ऑन करून पेट्रोल येणार नाही, ही चूक खूप जण करतात).

मग तोच प्लग वायरीला लावून त्याचं लोखंडी अंग इंजिनाला टेकवायचं, दुसऱ्याला सेल मारायला सांगायचं. निळी, टक्क आवाज करणारी ठिणगी पाहिजे. पिवळी-तांबडी, मरगळलेली असेल तर कमजोर. हातानं धरू नका, सुक्या लाकडी चिमट्यानं किंवा रबरी मुठीच्या पकडीनं धरा, शॉक जोरात बसतो. आणि पेट्रोलची बाटली तिथून आधी लांब ठेवा!! आमच्याकडे एकदा याच कामात बोनेटचा रंग जळालाय, माणूस थोडक्यात वाचला.

टायमिंग बेल्टचं परभणीकर म्हणतात ते बरोबर, तेही फुकटात बघता येतं. डिस्ट्रिब्युटरचं (ठिणगी एकेका प्लगला वाटतो तो) टोपण काढा आणि सेल मारून बघा आतला रोटर फिरतो का. या इंजिनात डिस्ट्रिब्युटर कॅमशाफ्टवरून फिरतो आणि कॅमशाफ्ट बेल्टवरून. रोटर फिरला म्हणजे बेल्ट शाबूत.

मल्टीमीटर आहेच तर बॅटरीचं व्होल्टेज दोनदा मोजा, एकदा शांत असताना आणि एकदा सेल चालू असताना. भरलेली बॅटरी शांत असताना १२.६ च्या आसपास दाखवते, सेल मारताना साडेनऊच्या खाली जायला नको.

पुण्यातला_उदगीरकर
ताई एक नंबर. पण एवढं सगळं करण्यापेक्षा सरळ विकून टाकावी असं माझं मत. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी पासिंगचा खर्च, वर पार्ट मिळत नाहीत. आठशे बंद होऊन किती वर्षं झाली, २०१४ ला.

परभणीचा_पाना
@पुण्यातला_उदगीरकर त्यांनी विकू का असं विचारलंच नाहीये. किल्लारीचं वाचलं नाही का वर? आणि पार्टचं म्हणाल तर आठशेचे पार्ट मराठवाड्यात किराणा दुकानात सुद्धा सापडतील 😄

औसेकर_आठशे
ताई तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं, आज पाऊस नव्हता. उंदराचं पण बघितलं, फिल्टरमध्ये पाला होता थोडा, वायरी बऱ्या आहेत.

प्लग तिन्ही ओलेचिंब. वास पण जोरात. बॅटरी शांत असताना १२.५, सेल मारताना १०.४. रोटर फिरतोय. आणि ठिणगी... नाहीच. तिन्ही वायरीवर बघितलं, मग कॉइलची मधली जाड वायर काढून तिच्यावर पण बघितलं, सेल मारताना काहीच नाही. मिस्तरी म्हणालेला तेच, ठिणगी नाही म्हणूनच त्यानं कॉइल बदलली होती. मग प्लग ओले दिसले तर म्हणाला पेट्रोल जास्त यायलंय, कार्बोरेटर खराब.

नांदेडची_ताई
ठिणगी नसेल तर प्लग ओले होणारच. पेट्रोल येतंय, जळत नाहीये, साठतंय. त्यात चोक ओढून सेल मारला असेल तर अजूनच. कार्बोरेटरला हात लावू नका, तो बिचारा निर्दोष आहे.

बालाघाट_रायडर
बरं बरं मान्य 🙏 पण ई२० चं, म्हणजे इथेनॉलवाल्या पेट्रोलचं, मी म्हणलो ते चूक नाही.

परभणीचा_पाना
चूक नाही, पण या रोग्याला ते औषध नाही. ई२० साठी वेगळा धागा काढा, मी येतो भांडायला.

भाऊ टोपण उघडलंच होतं तर आत पॉइंट (उघडझाप करून ठिणगी पाडणारे) आहेत का इलेक्ट्रॉनिक? पॉइंट असतील तर कंडेन्सर (पॉइंटला जोडलेली छोटी डबी) बदला, पॉइंट पॉलिश पेपरनं घासा, गॅप ०.४ ते ०.५ मिमी ठेवा. नव्वद टक्के तेच.

औसेकर_आठशे
पॉइंट आहेत. मिस्तरीनं घासले होते म्हणं. कंडेन्सर बदलू का मग? आणि आत जरा दमटपणा होता, फडक्यानं पुसून घेतला.

रिटायर_वायरमन
थांबा. काहीच बदलू नका.

मी बोर्डात वायरमन होतो, आता अंबाजोगाईला असतो. गाडीचा मिस्तरी नाही पण करंट करंटच असतो. तुम्ही दरवेळी ठिणगी सेल मारूनच बघताय. एकदा सेल न मारता बघा. पॉइंटवाल्या गाडीत ही सोय आहे, इलेक्ट्रॉनिकमध्ये नाही.

कसं बघायचं ते सांगतो. टोपण आणि रोटर काढा. पॉइंट बंद, म्हणजे एकमेकाला टेकलेले पाहिजेत, नसतील तर किल्ली बंद ठेवून गाडी टॉप गियरमध्ये टाका आणि इंचभर ढकला, इंजिन जरासं फिरंल, टेकेपर्यंत असं करा. मग कॉइलची मधली जाड वायर डिस्ट्रिब्युटरच्या बाजूनं काढून तिचं टोक इंजिनाच्या लोखंडापासून ५-६ मिमीवर अडकवून ठेवा, हातात धरू नका. आता किल्ली ऑन. सेल नाही, नुसती ऑन. आणि सुक्या काडीनं पॉइंट उघडा. दर उघडण्याला टक्क करून ठिणगी पडली पाहिजे. बघून झाल्यावर किल्ली लगेच बंद करा, पॉइंट टेकलेले असताना किल्ली ऑन राहिली की कॉइल नुसती तापत बसते.

पडली तर एक अर्थ, नाही पडली तर दुसरा. करून सांगा.

सेलूचा_शेतकरी
वायरमन काका काडी कसली पाहिजे, तुरीची चालंल का 😂

रिटायर_वायरमन
सुकी असली म्हणजे झालं.

औसेकर_आठशे
काका!!! ठिणगी पडायलीय. निळी, टक्क टक्क आवाज येतो. दहा वेळा केलं, दहाही वेळा. तुरीचीच काडी होती. आता मला काहीच कळंना, ठिणगी आहे पण आणि नाही पण.

जरा अजून एक सांगायचं राहिलं, आधी महत्त्वाचं वाटलं नाही. मागच्या रविवारी पोरांनी ढकलली होती, सेकंड गियरमध्ये क्लच सोडला तर दुसऱ्याच धक्क्याला सुरू झाली आणि मी औश्याला जाऊन आलो, वाटेत काहीच त्रास नाही. घरी आणून बंद केली, परत सेलवर नाही. म्हणून तर मी ट्रॅक्टरची बॅटरी लावून बघितलेली, धक्क्याला होती म्हणजे बॅटरी असंल असं वाटलं. आणि कधी कधी सेल मारून किल्ली सोडली की त्या सोडण्याच्या टायमाला एकदाच "भुक्" करतं, मग गप्प.

नांदेडची_ताई
अहो दादा हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगायचं ना!! 🤦‍♀️

सापडलं. म्हणजे नव्याण्णव टक्के. बघा कसं.

तुमच्या किल्लीला दोन जागा आहेत, एक ऑन आणि त्यापुढची स्प्रिंगची, जिथं सेल फिरतो. ऑनवर कॉइलला करंट मिळतो. सेलच्या जागेवरही कॉइलला करंट चालूच राहिला पाहिजे, नाहीतर इंजिन फिरेल पण ठिणगी कोण देणार? किल्लीच्या मागे जो इलेक्ट्रिकचा स्विच असतो त्याच्या आत तांब्या-पितळेच्या पट्ट्या असतात, त्या या दोन्ही जागांवर कॉइलच्या टोकाला जोडून ठेवतात. तीस-पस्तीस वर्षांत पट्टी झिजते, करपते. ऑनवर टेकते, सेलवर उचलली जाते.

आता तुमची सगळी लक्षणं यात बसवून बघा. धक्क्यावर सुरू होते, कारण धक्का मारताना किल्ली पूर्णवेळ ऑनवर असते. काडीनं ठिणगी पडते, कारण किल्ली ऑनवर आहे. सेल मारून बघितलं की कधीच पडत नाही. आणि ते "भुक्"! किल्ली सोडल्यावर ती ऑनवर परत येते, त्या क्षणी इंजिन अजून अर्धा फेरा आपल्या जोरावर फिरत असतं, तेवढ्यात एक ठिणगी मिळते आणि एक फटका मारतं. मिस्तरींना कॉइल मेलेली का वाटली तेही यातच आलं, जुनी कॉइल चांगली असणार तुमची.

वायरमन काकांना साष्टांग. मी स्वतः आधी ठिणगी सेल मारूनच बघायला सांगितली होती.

रिटायर_वायरमन
ताई, नमस्कार. अजून शाबीत करायचं राहिलंय. व्होल्टेज नुसतं पडतंय की तुटतंय ते बघायचं.

औसेकर, मल्टीमीटर नको यासाठी, दिवा घ्या. इंडिकेटरचा १२ व्होल्टचा बल्ब, दोन वायरी. एक टोक इंजिनाच्या लोखंडाला, दुसरं कॉइलच्या प्लसला (किल्लीकडून येणारी वायर जिथं आहे तिथं). किल्ली ऑन, दिवा लागला पाहिजे. मग दुसऱ्याला सेल मारू द्या आणि दिव्याकडं बघा. जरा मंद झाला तर चालतंय, सेल करंट खातो. फार मंद झाला तर बॅटरी किंवा अर्थिंग. पूर्ण विझला तर ताई म्हणतात ते.

परभणीचा_पाना
मी माझं नव्वद टक्के मागं घेतो 😅 कंडेन्सर घेतला नाही ना भाऊ?

औसेकर_आठशे
नाही घेतला, दुकान बंद होतं म्हणून वाचलो.

आता रात्रीचे नऊ वाजलेत, पण थांबवलं नाही. आप्पा सेल मारायला बसले, मी दिवा धरून. किल्ली ऑन, दिवा लख्ख. सेल मारला, दिवा गुल. एकदम काळा. किल्ली सोडली, दिवा लागला. पाच वेळा तसंच. अंधारात तर अजूनच चांगलं दिसलं.

नांदेडची_ताई
आता शेवटचा पुरावा. प्लग काढून पुसून कोरडे करून बसवा, चोक आत. एक वायर बॅटरीच्या प्लसवरून सरळ कॉइलच्या प्लसला लावा, मध्ये फ्यूज असलेली असेल तर उत्तम. अ‍ॅक्सिलेटर पूर्ण दाबून सेल मारा, आत साठलेलं पेट्रोल निघून जाईल. सुरू झाली तर पाय उचला.

एकच सांगते, वायर लावलेली असताना किल्ली बंद केली तरी इंजिन बंद होणार नाही. घाबरायचं नाही, वायर काढली की बंद. आणि ती वायर तशीच कायमची ठेवून गाडी वापरायला लागू नका, कॉइल जळेल, पॉइंट जळतील. असे महाभाग बघितलेत मी.

औसेकर_आठशे
सुरू झालीय!!!!

दुसऱ्याच घर्रला. आधी पांढरा-काळा धूर निघाला, मग बसली लयीत. आप्पा किल्ली बंद करून उतरले तरी गाडी चालूच, त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू भूत बसलंय आत 😂 मग वायर काढली. आई दारात येऊन म्हणली आता तरी जेवा.

पुण्यातला_उदगीरकर
अभिनंदन! मी विकायचं म्हणलो ते विसरा.

गोदाकाठचा_गण्या
मी यात नवीन. माझी आठशे २००४ ची, एमपीएफआय (कार्बोरेटर नाही, कॉम्प्युटरवर पेट्रोल सोडणारी) आहे, ती पण कधी कधी सकाळी अशीच करते. हीच काडी मारू का?

रिटायर_वायरमन
तुझ्या गाडीत पॉइंट नाहीत, काडी कुठं मारणार.

नांदेडची_ताई
@गोदाकाठचा_गण्या तुमचं गणित वेगळं. किल्ली ऑन केल्यावर मागून टाकीकडून दोन-एक सेकंद "घुंई" आवाज येतो का ते सकाळी शांततेत ऐका, तो इलेक्ट्रिक पंप. नाही आला तर पंपाचा फ्यूज, रिले, पंप या क्रमानं. येत असेल तर चेक इंजिनचा दिवा बघा आणि स्कॅनर लावून घ्या, सेन्सरचा भाग अंदाजानं करायचा नाही. आणि एक सवय लावून बघा, किल्ली ऑन करून दोन सेकंद थांबा, मग सेल. त्यानं फरक पडला तर पंपाचं प्रेशर रात्रीत उतरतंय असं समजा. जास्त लिहायचं असेल तर वेगळा धागा काढा, इथं गोंधळ होईल.

बालाघाट_रायडर
औसेकर भाऊ आता डॅशबोर्डला एक पुशबटन बसवा ना. कॉइलची वायर वेगळी, सेलला बटन. खर्च कमी, रुबाब जास्त. आमच्या इकडं जीपवाले सगळे तेच करतात.

परभणीचा_पाना
आणि चोराला पण सोपं जातं. शिवाय नंतर कुणाला दाखवली तर तो वायरिंग बघूनच पळून जातो, बघा आमच्याकडं एक जीप आहे, तिच्यात तीन बटनं आहेत आणि कोणतं कशाचं ते फक्त मालकाच्या बायकोला माहितीय.

नांदेडची_ताई
बटन नको. पण स्विच घ्यायच्या आधी एक खात्री करा, स्विचच खराब आहे का मधली वायर. स्टेअरिंगखालचं कव्हर काढा, स्विचच्या मागचा कनेक्टर दिसेल. वायरीच्या रंगावर जाऊ नका, इतक्या वर्षांत कुणी काय जोडलंय सांगता येत नाही, दिव्यानंच शोधा: कोणतं टोक किल्ली ऑन केल्यावर पेटतं आणि कॉइलपर्यंत जातं. त्या टोकावर दिवा ठेवून सेल मारा. तिथंही विझला तर स्विच. तिथं चालू आणि कॉइलवर बंद, तर वायर किंवा मधला जोड. काम करण्याआधी बॅटरीचं मायनस काढायला विसरू नका, स्विच उघडताना म्हणते, दिवा बघताना नाही.

बऱ्याचदा लॉक तेच राहतं आणि मागचा इलेक्ट्रिकचा भाग स्क्रूवर निघतो, म्हणजे किल्ली बदलायची गरज पडत नाही. आधी काढून बघा, मग दुकानदाराला हातात जुना नग दाखवून घ्या.

रिटायर_वायरमन
आणि किल्लीच्या जुडग्यात काय काय आहे ते पण सांगा.

औसेकर_आठशे
काका तुम्हाला कसं कळलं 😂 आप्पांच्या जुडग्यात गोदामाची किल्ली, विहिरीवरच्या पेटीची, दोन कपाटाच्या, ट्रॅक्टरची, तुळजाभवानीचा पितळी फोटो आणि एक बाटली उघडायचं. मी आत्ता वजनकाट्यावर ठेवलं, २१० ग्रॅम.

रिटायर_वायरमन
तेच. एवढं वजन तीस वर्षं खड्ड्यातून लोंबकळत गेलं की लॉक आणि स्विच दोन्ही ढिले होतात. आपले रस्ते पण तसेच. भवानी राहू द्या, बाकीच्या काढा.

सेलूचा_शेतकरी
आमच्या मामांच्या जुन्या गाडीत याच्या उलटं होतं. सेल मारताना सुरू व्हायची आणि किल्ली सोडली की फटकन बंद. ते काय असतं?

रिटायर_वायरमन
काही जुन्या गाड्यांत कॉइलला जाणारा करंट नेहमी एका रेझिस्टन्समधून येतो, आणि फक्त सेल मारताना तो रेझिस्टन्स वगळून सरळ येतो, कारण तेव्हा बॅटरीचं व्होल्टेज पडलेलं असतं. रेझिस्टन्स जळाला की तुमच्या मामासारखं होतं. किंवा स्विचची ऑनची पट्टी गेलेली. दिवा लावला की दोन मिनिटांत कळतं कोणतं. लोक मात्र दिवा सोडून सगळं लावतात.

औसेकर_आठशे
चार दिवस उशीर झाला लिहायला, पावसानं उघडीप दिली तर कोळपणी चालू केली.

स्विच उघडला. स्टेअरिंगखाली डोकं घालून एक तास गेला, कव्हरचा एक स्क्रू गंजून बसला होता. मागच्या कनेक्टरवर पण दिवा सेलच्या वेळी विझत होता, म्हणजे वायर बरी. काढून बघितलं तर आत एक पितळेची पट्टी मधोमध काळी ठिक्कर आणि कडेला इतकी झिजलेली की नखानं जाणवायलं. सेलच्या जागेवर ती टेकतच नव्हती. पॉलिश पेपरनं घासून जरा वाकवून बसवली तर दोन दिवस चालली, तिसऱ्या दिवशी परत तेच. मग लातूरला जाऊन नवा स्विच आणला, जुना नग दाखवला म्हणून चुकला नाही. आता पहिल्या घर्रला घेते. आप्पा म्हणले, हिवाळ्यापासूनच दोन-तीनदा किल्ली मारावी लागायची, थंडीमुळं असंल असं वाटलं म्हणून सांगितलं नाही. म्हणजे घरात सगळ्यांनाच अर्धं अर्धं माहिती होतं.

मिस्तरीला पण जाऊन दाखवली ती पट्टी. चिडला नाही. हातात घेऊन बराच वेळ बघितली, मग म्हणला हा दिवा कसा बनवला ते मला पण दाखव. त्याच्याकडचा एक जुना बल्ब-होल्डर घेऊन दुकानातच एक करून दिला.

नांदेडची_ताई
हे वाचून फार बरं वाटलं. पॉइंटची गॅप पण तपासून घ्या आता एकदा, घासून घासून वाढली असेल. आणि मिस्तरींनी काढलेली जुनी कॉइल परत मागा.

औसेकर_आठशे
मागितली ताई. जुनी कॉइल लावून बघितली, गाडी तिच्यावर पण सुरू होते, म्हणजे चांगलीच होती. नवी काढून डिकीत ठेवलीय, स्पेअर म्हणून.

सेलूचा_शेतकरी
डिकीत कापडात गुंडाळून ठेवा, नाहीतर उंदीर.

औसेकर_आठशे
डब्यात ठेवलीय. जुडगं पण हलकं केलं, आता फक्त गाडीची किल्ली आणि भवानी. बाटली उघडायचं आप्पांनी खिशात घातलं.